मारबतीबरोबर पाठवलेल्या फांद्या

बत्तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. बुरशी कशी पसरते हे फळ्यावर इतक्यांदा लिहिलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि तरीही तलावाच्या पाळीवरची कडुनिंबाची रांग माझ्यामुळं वाळली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला माझी कीव यायला नको.

आमच्या साकोलीत हायवे रुंद झाला तेव्हा त्याच्या काठची मोठी झाडं गेली. उरली ती दोनच ठिकाणी. आमच्या गल्लीत काही कडुनिंबं, आणि गावाबाहेर तलावाच्या पाळीवर नऊ. पाळीवरच्या झाडांखाली बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या बसायच्या. मे महिन्यात तिथं पोचलं की जीवात जीव यायचा. भाजी घ्यायची नसली तरी मी त्या बाजूनं जायची आणि एखादी जुडी उगाच घेऊन यायची.

तीन पावसाळ्यांपूर्वी गल्लीतल्या झाडांचे शेंडे तांबूस पडले. कुणी म्हणालं उन्हानं, कुणी म्हणालं मोबाइलच्या टॉवरनं. मी एक फांदी पिशवीत घालून शेती खात्यातल्या एका साहेबांना दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, शेंडेमर आहे, बुरशीचा रोग. रोगट फांद्या हिरव्या भागापर्यंत कापा, कापल्या जागी औषध लावा, आणि कापलेलं सगळं जाळा. पडून राहिलं तर पावसाच्या शिंतोड्यांबरोबर दुसऱ्या झाडावर जातं. मी वहीत लिहून घेतलं. ‘जाळा’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. जुनी खोड.

कापणी झकास झाली. गल्लीनं मनावर घेतलं, शिडी आली, माणूस आला, दोन दिवसांत फांद्यांचा ढीग पडला. अडलं ते जाळण्यापाशी. त्यातलं एक झाड मातामायचं होतं, बुंध्याशी तिचा शेंदूर लावलेला दगड. मी काडेपेटी घेऊन बाहेर आले तर गल्लीतल्या बाया ढिगाभोवती उभ्या. त्यांत सगळ्यात म्हाताऱ्या शेजारीण मला म्हणाल्या, “बाई, पोराईले माता आली, अंगावर फोड उठले का याचाच पाला अंगावरून फिरवतो न आपण? अन् त्याले आगीत टाकाव?”

मग त्यांनीच तोड काढली. दोन दिवसांवर पोळा होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, मारबत निघते; पोळ्याला दारात ठेवलेले मेढे, म्हणजे पळसाच्या फांद्या, उचलून लोक गावाबाहेर टाकून येतात, घरादारातली रोगराई त्यांच्याबरोबर जाते. “तवाच ह्या फांद्या बी नेऊ. मारबत साऱ्याइचा रोग नेते, झाडाचा कायले नाही नेणार?” बायांचे चेहरे उजळले. आणि सगळ्याजणी माझ्याकडं पाहू लागल्या.

मी म्हटलं, चालेल.

का म्हटलं, याची कारणं मी पुष्कळ जुळवून ठेवली होती. ओल्या फांद्या पेटणार नाहीत, लोकांना सोबत घेऊन चालावं लागतं, वगैरे. सगळी थापेबाजी. टिनाखाली आठवडाभर ठेवल्या असत्या तर फांद्या पेटल्या असत्या. खरी गोष्ट एवढीच की त्या गल्लीत मी आले की बायांचं हसणं थांबतं. जन्मभर चुका काढत आले, त्याचं हे फळ. त्या दिवशी पहिल्यांदा त्या मला त्यांच्यातली एक धरून विचारत होत्या. मला वाईटपणा घ्यायचा नव्हता.

पाडव्याला सकाळी फांद्या हातगाडीवर लादल्या. “इडा पिडा, खासी खोकला, घेऊन जा गे मारबत” असा गलका करत सगळे निघाले. मीही ओरडले, आणि मजा आली, हेही कबूल करते. मारबत नेहमी नेतात तिथंच नेली, तलावाच्या पाळीशी. मेढ्यांवर फांद्या ओतल्या. पाळीवरचं पहिलं कडुनिंब तिथून चार पावलांवर. भुरभुर पाऊस चालू होता. मी ते अंतर पाहिलं, पाऊस पाहिला आणि मनाशी म्हटलं, उद्या रॉकेल घेऊन येऊ. दुसऱ्या दिवशी गुडघा दुखत होता. त्यानंतरच्या दिवशी काय दुखत होतं ते आठवत नाही.

पुढच्या पावसाळ्यात पाळीवरच्या पहिल्या झाडाचा शेंडा तांबूस झाला. दिवाळीपर्यंत पाच झाडं. मी धावपळ केली, नाही असं नाही. ट्रॅक्टरचा पंप आणवला, पण फवारा अर्ध्या उंचीच्या वर जाईना, आणि जिथं गेला तिथलं औषध पावसानं धुतलं. एवढ्या उंच झाडांवर चढून शेंडे छाटायला कुणी तयार होईना. यंदा चैत्रात नऊपैकी सात झाडांना पालवी फुटली नाही. गल्लीतली झाडं मात्र वाचली. वेळेवर कापणी झाली ना. माझ्या दारात आता गार सावली असते आणि मला तिथं खुर्ची टाकून बसवत नाही.

मे महिन्यात बाजाराला गेले. माझी नेहमीची भाजीवाली चार काठ्यांवर ताडपत्री बांधून बसली होती. आत चुलीजवळ असावी तशी धग. मेथीवर पाणी मारत ती म्हणाली, “मॅडम, मातामाय आमच्यावर कोपली. आमचंच काही चुकलं असन. आमी साऱ्याजनीनं कोंबडं देल्लं, पाच मंगळवार उपास धरले. तरी पाला फुटून नाही राहिला.”

ते ऐकवेना. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं. गल्लीतला रोग, फांद्या, मारबत, तो पाऊस. तुमचं काही चुकलं नाही, म्हटलं, माझं चुकलं.

तिचा हात थांबला. “त्या फांद्यांनी हे होईन, तुमाले मालूम होतं?”

“हो.”

“तं मंग सांगतलं काहून नाही, मॅडम? आमी आयकलं असतं न. आमीच नेऊन जाळल्या असत्या.”

आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, तिनं वजनकाटा पुढं ओढला. ऊन ताडपत्रीच्या आत तिच्या पायापर्यंत आलं होतं. तिनं पाय जवळ घेतले आणि भाजी तोलू लागली.