चाचांची वाइड लेन्स

दसरा उलटला तरी माझा शीण उतरला नव्हता. नवरात्रात मंडळांचे फोटो काढायचे म्हणजे रोज गर्दीत उभं राहायचं आणि कानाशी ढोल. पूर्वी याचं काही वाटत नसे. आता मान धरते आणि कमरेतली कळ पायापर्यंत उतरते. परभणीतल्या दुकानात मी काउंटरमागे नुसता बसून होतो. मुलीनं कुरिअरचा खोका फोडला आणि आतून निघालेली लेन्स माझ्या जुन्या लेन्सच्या शेजारी ठेवली.

"पप्पा, आता एकदाचं ठरवा," ती म्हणाली. "दोन्ही सारख्याच वाइड हायत, दोन्ही तितक्याच कमी उजेडात चालत्यात. एक कोणती तरी घ्या, म्हणजे ती जड झूम लेन्स तुमच्या गळ्यातून जाईल."

ती पुण्यात फोटोग्राफी शिकून परत आली. खरं तर दुकान आता तीच चालवते; मी जुनी गिऱ्हाइकं सांभाळतो, तीही अर्धवट.

जुनी लेन्स चाचांची. चाचांच्या स्टुडिओत मी कॉलेज सोडून कामाला लागलो होतो. त्यांच्याकडे एक रेंजफाइंडर कॅमेरा होता. त्याच्या छोट्या खिडकीतून पाहिलं की एकाच माणसाच्या दोन प्रतिमा दिसायच्या. लेन्स फिरवत त्या एकमेकींवर बसवायच्या. बसल्या की फोकस. कॅमेऱ्याला लावलेली ही पितळी लेन्स हैदराबादच्या कुणा नातेवाइकानं त्यांना दिलेली. पस्तीस एमएम, अगदी मिणमिणत्या दिव्यातही चालणारी. चाचा लग्नात फ्लॅश वापरायचे नाहीत. म्हणायचे, "फ्लॅश मारला की माणूस पकडलेल्या चोरावानी दिसतंय. नवरीला कशापायी चोर करायचं?"

शेवटी शेवटी त्यांचे हात कापायला लागले. एकदा एका निकाहमधून ते मधेच उठून बाहेर आले आणि मांडवामागं खुर्ची टाकून बसले. मी पाणी घेऊन गेलो, तर लेन्स काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "घे. माझ्याच्यानं आता दोन चित्रं एकावर एक बसंनात." एवढंच. कॅमेरा पुढे खराब झाला, चाचाही गेले. मी लेन्सला रिंग लावून ती डिजिटल कॅमेऱ्यावर चढवली आणि वापरत राहिलो. काचेला आता पिवळट झाक आलीय, कडेला बुरशीचा एक धागा आहे.

मुलीनं समोरच्या इमारतीचे फोटो काढून कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी लावले. नव्या लेन्सच्या फोटोत कोपऱ्यातल्या पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. जुनीच्या फोटोत मधला भाग ठीक होता, पण कडा सायीसारख्या पसरलेल्या आणि दुकानांच्या दिव्यांभोवती धूसर वलयं.

"इमारतीचे फोटो कोण काढतं?" मी म्हणालो. "माणसं बघ ना."

वाद घालायचंही त्राण नव्हतं, म्हणून विषय तिथंच राहिला.

त्याच आठवड्यात सोनपेठच्या पुढच्या एका गावातून फोन आला. ज्याच्या लग्नाचे फोटो मी काढले होते, तो माणूस बोलत होता. "काका, आमी आता ऊसतोडीला जायलोत. माय लय थकलीय, यंदा तिला घरीच ठिवायलोत. तिचा एक मोठा फोटो काढून ठिवायचाय."

"तिला घेऊन ये की सोनपेठला, तिथं स्टुडिओ आहे."

"तिला चालवंना. आन् काका, बाप गेला त्या वक्ताला फोटोच नव्हता. मतदान कार्डावरचा मोठा करून आणला, तर तोंडच वळखू येईना. पोरं इचारत्यात हा कोण म्हणून."

यावर नाही कसं म्हणणार? मुलगी म्हणाली, "मी गाडी चालवते, तुमी नुसते बसा." दोन्ही लेन्स तिनं पिशवीत घातल्या.

घरापुढं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सामान चढायला लागलं होतं: पत्र्याची पेटी, चूल, बाजरीची पोती, उलटी घातलेली बाज. म्हातारी आत, दाराजवळ भिंतीला टेकून बसलेली. तिला उन्हात यायचं नव्हतं, डोळे दिपतात म्हणाली. खोलीत दारातून येईल तेवढाच उजेड. उठून बसताना तिनं एका हातानं चौकट धरली आणि ती तशीच धरून राहिली.

"तसंच राहा मावशी," मी म्हणालो आणि चाचांची लेन्स चढवली.

खाली वाकताना कमरेनं जीव घेतला. या लेन्सला फार जवळ जाता येत नाही, हातभर मागंच थांबावं लागतं. मी उंबऱ्याशी बूड टेकलं, हळूहळू फोकसचं कडं फिरवलं, तिच्या डोळ्यावर आलो आणि फोटो घेतला. मग पडद्यावर पाहिलं. दारातला उजेड तिच्या पांढऱ्या केसांवरून विरघळत गेला होता आणि सुरकुत्या मऊ पडल्या होत्या. असा फोटो माझ्या हातून बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

मग मुलीनं नवी लेन्स लावून त्याच जागेवरून, तेवढ्याच उजेडात फोटो घेतला. दोन्ही फोटो तिनं टॅबवर मोठे करून म्हातारीच्या मांडीवर ठेवले.

म्हातारीनं चाचांच्या लेन्सचा फोटो बराच वेळ पाहिला. "ही कोण हाय?"

"तूच की, माय," मुलगा म्हणाला.

"मी? ऊद जाळल्यावानी धुपट दिसायलंय सगळं. आत्ताच मेल्यावानी दिसायले मी."

माझी मुलगी हसली नाही, त्याबद्दल मी मनोमन तिचे आभार मानले.

दुसऱ्या फोटोवर मात्र म्हातारी खाली वाकली. त्यात चौकटीवरचा हात फोटोच्या अगदी कडेला होता, पण स्वच्छ. मनगटावरचं हिरवं गोंदण, नखं आणि तर्जनीचं तुटकं टोक. माझ्या फोटोत तोच हात नुसता एक सावळा पट्टा झाला होता.

"गोंदण आलंय बग," ती सुनेला म्हणाली. "माज्या मायनं केलेलं. आन् हे बोट. कोयत्यानं गेलं. हा पोटात व्हता तवा." तिनं मुलाकडं मान वळवली. "लुगड्याची चिंधी बांधली आन् सांजपस्तोर मोळ्या बांधल्या. मुकादम म्हनला घरी जा. कुठल्या घरी जाऊ? घर तर हितं गावात राह्यलं."

मुलगा ट्रॉलीकडं निघाला होता, तो थांबला. "मला तर तू म्हनली व्हतीस की जात्यात सापडलं."

"ल्हान व्हतास. भ्याला असतास."

तो तिच्याजवळ येऊन बसला. त्यानं तो हात उचलून आपल्या हातात घेतला आणि बोट उलटसुलट करून पाहिलं. बाहेरून कुणीतरी हाक मारली, तरी तो उठला नाही. सून पदर तोंडाला लावून उभी होती. आम्ही दोघं बापलेक सामान आवरायच्या निमित्तानं खाली बघत राहिलो.

"तोच फोटो करा," म्हातारी म्हणाली. "हात सगळा दिसला पायजे. कापू नका."

परत येतानाही गाडी मुलगीच चालवत होती. वाईट वाटलं का? वाटलं. चाचांचं काम माझ्यादेखत नापास झालं असं वाटलं, आणि त्याहून जास्त हे की, तिच्या समोर बसूनही मी तिचं बोट पाहिलं नव्हतं; मी केसांवरचा उजेड बघत होतो.

"तुमचा फोटो चांगला होता, पप्पा," मुलगी म्हणाली. "मला तर तोच आवडला."

"फोटो तुझ्यासाठी नव्हता काढायचा," मी म्हणालो. "माझ्यासाठीही नव्हता."

फोटो तयार झाल्यावर तिनंच तो नेऊन दिला. तोवर मुलगा-सून गेली होती. म्हातारी शेजारणीच्या आधारानं राहत होती. फ्रेम हातात घेऊन तिनं ती भिंतीला लावू दिली नाही. "आत्ताच कशाला? मेल्यावर लावतील," म्हणाली आणि साडीत गुंडाळून पेटीत ठेवायला लावली.

तुळशीची लग्नं लागली आणि ऑर्डरी सुरू झाल्या. कामाला मी आता नवी लेन्स नेतो. ती हलकी आहे, चुकत नाही, आणि माझी मान तिच्यावर खूश आहे. तिच्याबद्दल मला अजून प्रेम वाटत नाही, पण या वयात प्रत्येक वस्तूवर प्रेम करत बसायला उसंत कुठे आहे? चाचांची लेन्स मुलगी मागून घेऊन गेली. सुटीच्या दिवशी ती चुडाव्याच्या स्टेशनावर जाऊन गाड्यांची वाट बघणाऱ्या माणसांचे फोटो काढते. "तुमी पण चला," म्हणते. मी म्हणतो, तू जा, मी जरा पडतो.