सात लिव्हरचं कुलूप आणि आमचा पास्कल

पास्कल गेल्याचा निरोप आला तेव्हा सलूनमध्ये माझी अर्धी दाढी झाली होती. तोंड कसंबसं पुसून, तसाच अर्ध्या दाढीने मी भोईवाड्याकडे निघालो. लोक वळून बघत होते, बघोत. पास्कलने मला त्या अवतारात पाहिलं असतं तर म्हणाला असता, “काय रे, मेलेल्या माणसाला हसवायला आलास काय?” त्याला आता दीड महिना झाला.

पास्कल एका कचेरीत कारकून होता आणि कुलपं उघडणं हा त्याचा छंद. जुन्या छत्रीच्या दोन काड्या घासून त्याने हत्यारं केली होती. एक काडी टोकाला वाकवलेली. तिने किल्ली फिरवल्यासारखा अगदी हलका ताण द्यायचा आणि दुसरीने आतली एकेक लिव्हर, म्हणजे पितळी पट्टी, उचलत जायची. नेमक्या उंचीला आली की लिव्हर बारीक ‘टिक्’ करते. ते बोटाला कळतं, पण पास्कलच्या कानाला आधी कळायचं. मला शिकवायला त्याने जिवाचं रान केलं. मी पडलो तापट. दोन मिनिटांत जोर लावायचो आणि काडी मोडून ठेवायचो. “कुलूप काय तुझं दुश्मन हाय?” तो म्हणायचा. “हात सैल सोड. परत पयल्यापासून कर.” एक मात्र पक्कं होतं... मालक समोर असल्याशिवाय दुसऱ्याच्या कुलपाला तो काडी लावत नसे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने सगळं गिरणगाव पेटलं होतं तेव्हाची गोष्ट. मैदानात सभेला बंदी, म्हणून आमच्या चाळीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सभा ठरली. वक्ते कबूल झाले, बायकांनी घरोघर निरोप पोचवले, आणि त्या दिवशी सकाळी बघतो तर हॉलला कुलूप! चाळीचे मालक अण्णासाहेब पोलिसांना घाबरले होते. सभा झाली नसती तर भोईवाड्याची नाचक्की होती. मी हातोडा घेऊन निघालो, तर दारात पास्कल उभा.

“तोडलंस तर उद्या कोर्टात जाशील. वर पेपरात येईल, चळवळवाले दरोडेखोर.”

“मग तू उघड!”

“मालकासमोर उघडीन.”

मी त्याला सगळ्यांदेखत भेकड म्हणालो. आणखीही बरंच बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याची लाज मला आजही वाटते. तो चपला सरकवून थेट अण्णासाहेबांकडे गेला.

ते कुलूप अण्णासाहेबांच्या आजोबांच्या वेळचं, सात लिव्हरचं. ते कुणाच्या बापाला उघडणार नाही, असं ते आल्यागेल्याला ऐकवत. पास्कलने नेमकं तिथेच बोट ठेवलं. “अण्णासाहेब, तुमच्या डोळ्यांसमोर, किल्लीशिवाय उघडतो. उघडलं तर सभा. नाय उघडलं तर सभेचा बोर्ड मी माझ्या हातांनी उतरवतो.” अण्णासाहेबांची ऐट भीतीला पुरून उरली. गिरणीच्या दुपारच्या पाळीचा भोंगा होईपर्यंत मुदत ठरली.

चुकलो ते आम्ही. पास्कल दाराशी उकिडवा बसला आणि त्याला जोर यावा म्हणून आम्ही सुरू केलं, “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!” सगळी चाळ दणाणली. अर्धा तास गेला. पास्कलचा सदरा घामाने पाठीला चिकटला, आणि तो घामाघूम झालेला पाहून आम्ही आणखी जोरात ओरडायला लागलो. शेवटी त्याने काड्या बाहेर काढल्या आणि वळून तो आमच्यावर खेकसला, “अरे गप बसा रे! कुलूप काय सांगतं ते ऐकायला येत नाय!”

आणि शे-दोनशे माणसं गप्प झाली. त्या वर्षात भोईवाडा इतका शांत मी कधी ऐकला नव्हता. कुणीतरी धावत जाऊन नळ बंद केला. एक बाई रडणाऱ्या लेकराला छातीशी धरून जिन्याकडे गेली. पास्कलने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली... टिक्. थोड्या वेळाने, टिक्. अण्णासाहेब कुलपाशी वाकले होते आणि नकळत स्वतःच मोजायला लागले होते. “चार... पाच... सहा...”

भोंगा सुरू झाला. आमच्यातल्या कितीजणांनी डोळे मिटून घेतले. मी उघडले तेव्हा पास्कलच्या हातात कुलूप होतं, आणि त्याची कडी सुटलेली होती.

सगळ्यांनी अण्णासाहेबांकडे पाहिलं. “भोंगा संपायच्या आत उघडलंय,” ते म्हणाले, “सभा होऊ द्या.” आत जाऊन पहिल्या रांगेत ते स्वतः बसले. असा जल्लोष झाला म्हणून सांगू! मी पास्कलला मिठी मारली. “मी गाढव आहे रे.” “ते ठाऊक हाय,” तो म्हणाला, “खुर्च्या मांड.”

सभेनंतर अण्णासाहेब पास्कलला म्हणाले होते, “पुढच्या वर्षी दुसरं आणतो.” त्यांनी शब्द पाळला. दरवर्षी एक नवं कुलूप यायचं, किल्लीशिवाय, आणि पास्कल ते उघडून स्वतः परत नेऊन द्यायचा. अण्णासाहेबांच्या मागे त्यांची लेक पार्ल्याहून पाठवत राहिली. यंदाचं पार्सल आलं ते पास्कल गेल्यावर अकराव्या दिवशी. तिला अजून काही कळलेलं नाही. पास्कलच्या बायकोने, फिलोमिनाने, ते कुलूप आणि छत्रीच्या काड्या माझ्यापुढे ठेवल्या. “तूच बघ आता,” एवढंच म्हणाली.

महिनाभर बघत होतो. काल दुपारी उघडलं! एकही काडी न मोडता, माझ्या या हातांनी, आयुष्यात पहिल्यांदा. फिलोमिनाने टाळ्या वाजवल्या, मग पदराने डोळे पुसले.

रविवारी पार्ल्याला जाणार आहे. आधी उघडं कुलूप अण्णासाहेबांच्या लेकीच्या हातात देईन, मग पास्कलची बातमी सांगेन.