झोर्माकची ओंजळ

गेल्या रविवारी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये एक गंमत झाली... गंमत म्हणतेय खरी, पण आठवलं की अजून भरून येतं.

आधी झोर्माकबद्दल सांगते. मी एक परदेशी सायन्स फिक्शन मालिका बघते, त्यातला हा परग्रहावरचा राक्षस. दाराएवढा उंच, राखाडी, डोळेच नाहीत, आणि आवाज गिरणीचा पट्टा घसरल्यासारखा. प्रत्येक सीझनमध्ये एकदा तरी येतो, अंतराळ स्टेशनच्या दाराशी उभा राहतो, पंजे पुढे करतो, मग तोडफोड करून निघून जातो. का येतो, ते आजवर कुणी सांगितलेलं नाही... आणि म्हणूनच मला तो भयंकर आवडतो.

आमचा फॅन ग्रुप आहे. कुणाच्या मते तो यंत्र आहे, कुणाच्या मते भविष्यातला माणूस. त्या पुढे केलेल्या पंजांना आम्ही 'अटॅक पोझ' म्हणतो, आणि त्यावरून ग्रुपमध्ये अबोले झालेत. हसू नका, खरंच झालेत.

आता मामांबद्दल. मामा म्हणजे माझे सासरे, चंदगडकडचे. आम्ही घरच्यांना न विचारता लग्न केलं तेव्हा ते चारचौघांत म्हणाले होते, "तुमच्या घरचं पानी पिनार न्हाय." मामांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तीन वर्षं त्यांनी आमचं घर बघितलं नव्हतं.

पण या वेळी कवळी बसवायची होती. दातांच्या डॉक्टरांनी चार-पाच खेपा सांगितल्या, रोज एसटीने येणं-जाणं जमेना, म्हणून आले. हातात पिशवी, आणि पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली!

जेवायचे मात्र व्यवस्थित. शब्द पाण्याचा होता, जेवणाचा नव्हता, असं नवऱ्याने मला हळूच समजावलं. आमटीत पाणी असतं हा विषय कुणी काढला नाही. चहा मी निव्वळ दुधाचा करायचे. बाटली संपली की मामा दुखरे गुडघे घेऊन जिना उतरायचे आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावरून भरून आणायचे.

मला राग यायचा आणि कौतुकही वाटायचं. शब्द पाळावा तर असा... पण माझ्याशी ते एक अक्षर थेट बोलत नव्हते. "तिला म्हनावं, फॅन बारीक कर." आणि मी समोरच उभी!

सोमवारी कवळी बसली की ते परत जाणार होते. हे असंच राहिलं तर पुन्हा कधी येतील, येतील तरी का, याची मला धास्ती लागून राहिली होती.

रविवारी दुपारी ग्रुपचा व्हिडिओ कॉल होता. जुना एपिसोड टीव्हीवर लावून आम्ही थिअऱ्या मांडत बसलो होतो. नवरा बाहेर गेला होता, मामा खुर्चीत. झोर्माक दाराशी आला, पंजे पुढे केले, आणि मी तिथेच पॉझ केलं.

"हे पावणं कुणाचं?" मामांनी विचारलं. निरोप पोचवायला नवरा घरात नव्हता... त्यांना मलाच विचारावं लागलं!

मी सांगितलं, पावणं नाही मामा, राक्षस आहे, हल्ला करायला आलाय.

"हल्ला कशाचा? वंजळ धरलीया की त्यानं!" असं म्हणून त्यांनी स्वतःचे दोन्ही तळवे जुळवून दाखवले.

मी एपिसोड मागे-पुढे करून बघितला. खरंच... दोन्ही पंजे एकमेकांना चिकटलेले, मध्ये खोलगट. ओंजळ! इतके सीझन आम्ही नुसती नखं बघत बसलो होतो. आणि मग आठवलं, तो दर वेळी आधी पाण्याची टाकीच फोडतो. कॉलवर एकच कल्ला झाला.

आमच्यातल्या एकीने शंका काढली, मग सरळ मागत का नाही? मामांनी उलट विचारलं, आधी काही भांडण झालतं काय? झालं होतं. पहिल्या सीझनमध्ये स्टेशनवाल्यांशी वाजलं होतं, आणि तो गर्जना करत निघून गेला होता.

"मग? भांडून गेल्याला गडी, आपल्या तोंडानं पानी कसं मागंल? आतल्यांनी इचाराय नगं व्हय?"

आमच्याकडे वीजमीटर बघायला येणाऱ्यालासुद्धा आधी पाणी विचारतात. आणि मामांना आम्ही दोघांनी एकदाही विचारलं नव्हतं... त्यांच्या शब्दाचा मान राखायचा म्हणून!

उठले. तांब्या-भांडं घेऊन आले. "मामा, पानी घेतासा?"

मामांनी बाटलीकडे बघितलं. टीव्हीकडे बघितलं. मग भांडं बाजूला सारलं आणि दोन्ही हातांची ओंजळ माझ्यापुढे धरली.

"वत की, पोरी."

अर्धं पाणी सोफ्यावर सांडलं. माझं रडू आणि त्यांचं बोळकं हसू, दोन्ही ग्रुपने लाइव्ह बघितलं. कॉल बंद करायचं भानच राहिलं नव्हतं.

सोमवारी मामा नवी कवळी घालून गावी गेले. बाटली रिकामीच नेली. ग्रुपवर झोर्माकचं नाव आता 'पावणं' पडलंय. ही थिअरी खरी निघेल की नाही, कुणास ठाऊक... पण त्या राक्षसाचे माझ्यावर फार मोठे उपकार आहेत.

स्टेशनवाल्यांना एवढंच सांगेन, पुढच्या वेळी आला की त्याला पाणी विचारा हो. घाबरू नका, काही करत नाही. पोटभर पितो, तोंड पुसतो, आणि म्हणतो, "आमटीत मीठ लई टाकतीस बघ तू."