साहेब, चहा घेऊनच जा

मंडळी, आज विजेच्या ऑफिसातले साहेब गोडादऱ्यातल्या आमच्या घरी तपासणीला आले होते. मीटर धंद्याचं काढून घरगुती करायचं होतं.

पूर्वी आमच्या पुढच्या खोलीत साड्यांना लेस लावायच्या मशिनी होत्या. शेजारच्या सुनंदाने तक्रार केली आणि अख्ख्या घराला धंद्याचा दर लागला. बिल परवडेना, म्हणून मशिनी दलालाला विकल्या. त्याच्याकडून त्या घेतल्या कुणी? सुनंदानेच! आणि तिचं मीटर मात्र घरगुती. मी घरगुती मीटरचा अर्ज टाकला आणि तपासणीची वाट बघत बसले.

साहेबांनी खोल्या बघितल्या, सही केली आणि निघाले. मी म्हटलं, "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही." जेवण उरकलं की सुनंदा मशिनीवर बसते, हे मला पक्कं माहीत. चहा मुद्दाम बारीक गॅसवर ठेवला.

कप त्यांच्या हातात दिला आणि भिंतीपलीकडे घर्रर्र सुरू झालं.

"आ अवाज शेनो छे, बेन?" साहेबांनी कान टवकारून गुजरातीत आवाजाची चौकशी केली.

"बाजूवाळा बेननी मशीन छे, साहेब."

आमच्या ह्यांनी डोळे वटारले. मी बिस्किटं पुढे केली.

संध्याकाळी सुनंदा दारात, रडवेली. "वहिनी, मीटर परत घरगुती करायला काय करावं लागतं हो?"

"आधी मशिनी विकायच्या. घ्यायला एखादी शेजारीण असतेच."

चुकलं का माझं? हो म्हणणाऱ्यांनी आधी वर्षभर धंद्याचं बिल भरावं, मग कमेंट करावी.