काही न घडलेले नऊ दिवस

पनवेलच्या मासळी बाजारात मी ज्यांच्याकडून मासे घेते, त्यांचं नाव मी कधी विचारलेलं नाही. मी शाळेत इंग्रजी शिकवते, हे कळल्यापासून त्या मला बाई म्हणतात. बोलता बोलता, खाली न बघता विळीवर बोंबील कापतात.

महिनाभर त्यांची जागा रिकामी होती. परवा दिसल्या. मला पाहताच त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि पिशवीतून नवऱ्याचा हॉस्पिटलचा कागद काढला. त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं.

"बाई, ह्या शब्दाचा अर्थ काय?"

ऑपरेशननंतरचे नऊ दिवस 'अनइव्हेंटफुल' गेले, असं लिहिलं होतं.

"म्हणजे विशेष काही घडलं नाही," मी म्हणाले.

"घडला नाय? नऊ दिस मी मालकांच्या खोलीच्या दाराबायेर बसले. दार उघडला का माजा जीव उडायचा. धाव्या दिशी त्यांनी माजा हात धरला, घरी चल बोलले. आनि काय घडला नाय?"

मी गडबडले. "डॉक्टरांच्या भाषेत चांगला शब्द आहे तो. म्हणजे काही बिघडलं नाही."

त्यांनी कागदाची जपून घडी केली. "मंग बरा हाय. पन त्यात मालकांचा लिवलाय, बाई. माजा कोनी लिवला नाय."

इतकी वर्षं मी तो शब्द फळ्यावर लिहिते आहे. तो कोणाच्या बाजूने खरा असतो, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

शेजारची रिकामी टोपली उपडी करून मी तिच्यावर बसले. म्हटलं, "मला सांगा. पहिल्या दिवसापासून."

त्या दिवशी मासे घ्यायचे राहूनच गेले.