भागावहिनीची लाख

पितळ लाकडाला चिकटवलं की भागावहिनी ते भर उन्हात मांडायची आणि स्वतःही त्याच्यासमोर उन्हातच बसायची. कुणी सावलीत बोलावलं तर म्हणायची, "ते तापतंय आन् मी सावलीत बसू व्हय?" मी सुतार, ती समोरच्या तांबटाची बायको. आळीत आमच्या दोन घरांमध्ये एक बोळ तेवढा. तिच्याइतकी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि पाहायची हौसही नाही.

तिच्या नवऱ्यानं गावच्या पालखीसाठी पितळेचं सिंहमुख घडवलं होतं. दांडा माझ्या हातचा. मुख दांड्याच्या टोकाला बसवायचं तेवढं राहिलं आणि तो प्लेगात गेला. पालखीच्या दांड्याला खिळा मारायचा नाही ही आमच्या गावची रीत, म्हणजे मुख चिकटवूनच बसवायला हवं. पाटील म्हणाले, "चैत्रातल्या जत्रंपातुर बसलं तर ठीक. न्हाईतर मोडीत घाला."

वहिनी म्हणाली, "त्यांच्या हातचं शेवटचं काम हाय ते. मी बसवते." आजवर तिनं फक्त भाता ओढला होता. हे गावाला ठाऊक होतं, तिलाही.

मी सरस सुचवला. आम्हा सुतारांचं त्यावाचून पान हलत नाही. ती माझ्यावरच उखडली. "कातडं उकळून केलेला सरस देवाच्या पालखीला? डोकं ठिकाणावर हाय का, भाऊ? आन् पितळंला त्यो धरतोय कुठं?" दोन्ही खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मग तिनं राळ लावली. दांडा जरा जोरात टेकवला, तर राळ तडकून मुख खाली. नंतर नुसती लाख लावली. ती सावलीत घट्ट राहिली, उन्हात मऊ पडली आणि मुख घसरलं. लोक हसले. मीही म्हटलं, "वहिनी, नाद सोडा आता."

"धरंल. न धरून सांगतंय कुणाला?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

पुढच्या खेपेला तिनं लाखेत विटेची वस्त्रगाळ पूड मिसळली. मुखाची आतली बाजू कानशीनं खरवडली, माझ्याकडून दांड्याचं टोकही खरवडून घेतलं. गार पितळेवर लाख नुसती वरवर बसते हे तिला एव्हाना कळलं होतं, म्हणून या वेळी आधी पितळ निखाऱ्यांवर तापवलं. मग ते दांड्यावर दाबलं आणि निवेपर्यंत सोडलं नाही. तळहातांना फोड आले. तशीच उन्हात जाऊन समोर बसली. मी चिडून तिच्यावर छत्री धरली, तर तीही मिटायला लावली.

जत्रेला पालखी ऐन दुपारी निघाली. वहिनी सबंध वाट पालखीच्या पुढं उलटी चालली, नजर मुखावर. देवळाशी पालखी टेकली तेव्हा मुख जागच्या जागी होतं. पाटलांनी त्याला हात लावून नमस्कार केला. "मोडीत घालणार व्हता न्हवं?" एवढंच ती म्हणाली, आणि तिथंच पायरीवर बसून नवऱ्यासाठी पोटभर रडली.

पुष्कळ वर्षांनी दांड्याला वाळवी लागली आणि नवा करायचं काम माझ्याकडेच आलं. वहिनी तेव्हा नव्हती. मुख काढणं सोपं होतं. निखारे जवळ धरले की लाख सुटते. मी शेगडी पेटवलीही, पण हात धजेना. शेवटी शेगडी विझवली. मुखामागचं लाकूड अजून धड होतं. तेवढा तुकडा करवतीनं कापून घेतला आणि मुखासकट नव्या दांड्यात खाच पाडून बसवला. पितळ त्याचं, लाख तिची. ती सोडवणारा मी कोण?