न गिळलेली द्राक्षं

तो आर्मेनियाचा होता आणि दिंडोरीजवळच्या एका वायनरीत हंगामापुरता आला होता. त्या वायनरीला माल देणाऱ्या माझ्या द्राक्षबागेत तो रोज सकाळी येई, एकटाच ओळींमधून फिरे, द्राक्षाचा मणी तोंडात टाकून गोडी बघे आणि थुंकून टाके.

"ताई, आपला माल लय वाईट हाय का?" तोडणीच्या बायका हसायच्या.

शेवटी मी विचारलंच. मोडक्या हिंदीत तो म्हणाला, "आमच्याकडे ऑगस्टमध्ये चर्चमध्ये नव्या द्राक्षांना आशीर्वाद देतात. त्याआधी आम्ही ती खात नाही."

"अहो, इथं मार्चमध्येच बाग रिकामी होते. खा की! कोण बघतंय?"

"शेकडो वर्षं आम्हाला देश नव्हता," तो म्हणाला. "तेव्हाही कोणी बघत नव्हतं."

मी त्याच वेलींच्या द्राक्षांचे किलोभर बेदाणे करून ठेवले आणि एप्रिलमध्ये तो परत निघाला तेव्हा हातात दिले. "हे ऑगस्टपर्यंत टिकतील," म्हटलं.

त्यानं पिशवी हुंगली. तोंडात एकही दाणा टाकला नाही.

"घरी कोण कोण असतं?" मी विचारलं.

"गावात चर्च आहे," तो म्हणाला आणि पिशवीला गाठ मारली.